समोरची दोन टोकं

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
कारखान्याच्या अंगणातून

ताई,

"ही खोली बंद झाली तर मी कुठे जाऊ?" असं तू आज सकाळी मला विचारलंस. मला त्याचं उत्तर येत नाही. बाकी सगळ्यांना सांगायला माझ्याकडे सकाळपासून खूप काही होतं, पण तुझ्या या एका प्रश्नापाशी येऊन माझं बोलणं खुंटतं.

तू इथेच आहेस. हाक मारली तर ऐकू जाईल. झडतीच्या खोलीचा पडदा वाऱ्यानं हलला की तुझ्या स्टुलाचे पाय दिसतात आणि तुझ्या चपला दिसतात. तरी मी लिहितेय, कारण बोलायला आले तर तू तोंड फिरवशील आणि मग मला रडू येईल. सगळ्यांच्या पुढे बसलेल्या बाईनं रडून चालत नाही, असं मला वाटतं. कदाचित चुकीचं असेल.

तुला माहीत आहे तेच लिहितेय. पण आपण दोघींनी ते एकमेकींना कधी सांगितलेलं नाही.

काल शिफ्ट सुटल्यावर मी, ऑफिसात काम करणारी, ऑफिसच्या दारानं बाहेर पडले नाही. धुलाई आणि घडीखात्यातल्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, याचा तुला राग आहे. ऑफिसच्या दाराला पायपुसणं आहे, तिथे झडती नसते. या दाराला पडदा आहे. एवढी वर्षं हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या प्रत्येक बाईनं त्या पडद्याआड जाऊन हात वर करायचे, आणि तिनं टॉवेल किंवा अभ्रा पोटाशी गुंडाळलेला नाही ना, हे तू हातानं चाचपून बघायचं. माझा नंबर आला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. "हात वर," म्हणालीस, सगळ्यांना म्हणतेस तसंच. तुझे हात माझ्या बगलेखालून कमरेपर्यंत आले. याच हातांनी तू माझी वेणी घालायचीस, ओढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत घट्ट. काल ते इतके थंड होते की मी दचकले.

आणि मी बाहेर पडताना तू अगदी हळू म्हणालीस, "तुला त्या दारातून जाता यावं म्हणून मी या खोलीत बसले गं."

मला ठाऊक आहे, ताई. माझी प्रत्येक फी या खोलीतून आली. आपल्या घरातली पहिली पदवी या स्टुलावर बसून मिळवलेली आहे, फक्त नाव माझं लागलं. पण घडीखात्यातल्या बारकीचं जे झालं त्यानंतर मला त्या पायपुसण्यावरून चालवेना. मागच्या आठवड्यात तू तिला आतल्या बाजूला नेऊन कपडे उतरवायला लावलेस. साहेबांचा हुकूम होता, तिच्या कपड्यांत काहीतरी जाड दिसत होतं. तिची पाळी आली होती, एवढंच ते होतं. ती पोरगी चार दिवस कामावर आली नाही. आल्यापासून तिनं वर बघून कुणाशी बोललेलं नाही.

म्हणून आज सकाळी, काही करायच्या आधी, मी तुला सांगायला आले. लपवून काही करायचं नाही, असं मी बायकांना सांगितलं होतं. इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे चोराला आधी कळवायचं, आज पकडायला येतोय म्हणून?" सगळ्या हसल्या. काकूंना ती खोली पेटवून द्यायची होती. आणखी दोघींना तुलाच मध्ये घेऊन तुझी झडती घ्यायची होती, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, खोलीला हात लावायचा नाही, आणि माझ्या बहिणीला तर नाहीच. कुणाच्याच बहिणीला नाही. ती खोली आपण आत जातो म्हणून चालते. आपण जायचं नाही, बस. झडतीशिवाय बाहेर सोडत नाहीत ना? मग बाहेर जायचंच नाही. काम पूर्ण करायचं आणि शिफ्ट सुटली की अंगणात बसून राहायचं.

"तुझ्या पुस्तकात बरं जमतं सगळं," काकू म्हणाल्या. "इथे फरशीवर शेवाळ आहे. बसल्यावर कळेल."

बसल्यावर कळलं. माझा परकर ओला झालाय.

पण ताई, आम्ही बसलोय. सगळ्या. आणि आम्ही बाहेर गेल्याशिवाय तुलाही स्टूल सोडता येत नाही, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. तुला अडकवायचं असं मनात नव्हतं. खरंच नव्हतं.

मी

१३ नोव्हेंबर, दुपार
अंगणातूनच

ताई,

रात्र गेली. थंडी होती, पण पाठीला पाठ लावून बसलं की भागतं. काकू इतक्या घोरल्या की बारकी म्हणे हसली. मी झोपले होते, मला दिसलं नाही, याची चुटपुट लागली आहे.

दुसऱ्या शिफ्टच्या बायका गेटाबाहेर थांबल्यात. आम्ही बाहेर आल्याशिवाय साहेब त्यांना आत घेत नाहीत. मळक्या चादरींच्या गाड्या रस्त्याकडेला लागल्यात. धुतलेल्या चादरींच्या गाड्या मात्र आम्ही स्वतः भरून दिल्या, पेशंटशी आपलं भांडण नाही म्हणून. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. त्यांना ते आवडलं नाही. आम्ही दगड मारले असते तर त्यांना काय करायचं ते माहीत होतं.

आई आली होती. गेटाच्या गजांमधून डबे आत सरकवले. दोन होते. "एक हिचा, एक तिचा," म्हणाली. "दोघी एकाच गेटात कोंडल्यात आणि तोंडं दोन दिशांना. मी कुणाशी बोलू? गजांशी?" मग मला हळूच विचारलं, "ती जेवली का?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा घेऊन उठलेच. तुझ्या पडद्यापाशी ठेवला. तू तो आत घेतलास. मी मागे वळून बघितलं नाही, पण झाकणाचा आवाज ऐकला.

सकाळी साहेबांनी अंगणातले नळ बंद केले. कपडे धुवायच्या कारखान्यात, जिथे दिवसभर टाक्याच्या टाक्या भरतात, तिथे बायका कोरड्या तोंडानं बसल्या. उन्हं वर आली तशी कुरबुर सुरू झाली. एक जण म्हणाली, मशीनच्या खोलीचं कुलूप तोडू. काकू उठल्यासुद्धा. मी त्यांचा हात धरला. "सोड," त्या म्हणाल्या, "तहान काय तत्त्वावर भागते का?" मी फक्त हात सोडला नाही.

तेव्हा पडदा बाजूला झाला आणि तू बाहेर आलीस.

तुझ्या खोलीत एक छोटा नळ आहे, हात धुवायचा. तू बादली भरून आणलीस, वर एक पेला ठेवलास आणि पडद्याबाहेर ठेवून परत आत गेलीस. कुणाकडे पाहिलं नाहीस. बादली तशीच राहिली. कुणी उठेना. मी उठले असते, पण मी प्यायले तर ते बहिणीचं पाणी होणार, त्याचा काही उपयोग नाही, हे कळत होतं. सगळ्या त्या बादलीकडे बघत होत्या आणि ओठ चाटत होत्या. ऊन बादलीवर आलं.

मग बारकी उठली. तिला कुणी सांगितलं नाही. सरळ चालत गेली, पेला भरला, उभ्यानं प्यायली. दुसरा भरला, तोही प्यायली. पेला परत बादलीवर ठेवला आणि आपल्या जागेवर येऊन बसली. त्यानंतर सगळ्या गेल्या. काकूसुद्धा. काकू परत येऊन म्हणाल्या, "पाणी गार आहे." बस, एवढंच.

बादली रिकामी झाली की तू ती आत ओढून घेतेस आणि भरून पुन्हा ठेवतेस, हे मी बघतेय. बादली ठेवताना तुझा फक्त हात पडद्याबाहेर येतो.

मी

१४ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

साहेब आले. तुला बाहेर बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "या खोलीत येत नाहीत ना? मग खोली यांच्याकडे न्या. बसल्या जागी घ्या एकेकीची झडती. हिच्यापासून सुरू करा." त्यांनी बारकीकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, आता संपलं. काकूंच्या गळ्यातून आवाज निघाला. एक जरी बाई साहेबांच्या अंगावर गेली असती तरी दोन दिवसांचं बसणं पाण्यात जाणार होतं, आणि मी एकटी कुणाकुणाचे हात धरणार?

तू बारकीसमोर येऊन उभी राहिलीस. तिनं वर पाहिलं. कामावर परत आल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असेल. ती उठली नाही, हलली नाही. तू बराच वेळ उभी होतीस. मग म्हणालीस, "माझ्याच्यानं नाही व्हायचं, साहेब."

"काय?"

"नाही व्हायचं, म्हटलं."

आणि तू खाली बसलीस. आमच्यात नाही, जरा बाजूला, पडद्याच्या पायरीशी, पण फरशीवर. तुझाही परकर ओला झाला असेल.

ताई, आम्ही एवढ्या जणी बसलो होतो तेव्हा साहेब चहा पीत होते. त्यांचा चेहरा पडला तो तू एकटी बसलीस तेव्हा. मी कॉलेजात जे वाचलं होतं, जे परवा भाषण केल्यासारखं बायकांना सांगत होते, ते मला आत्ता कळलं. हुकूम साहेबांचा असतो. हात तुझे होते.

तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. पण मी तुझ्याकडे बघत होते.

मी

२६ नोव्हेंबर
घरून

ताई,

आत्यानं कळवलं, तू तिच्याकडे नीट पोचलीस. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिणं आलं. आधीची तीन पत्रंही याच पाकिटात घालतेय. ती तेव्हा द्यायचं धाडस झालं नाही. तू आत्याच्या फोनवरून पाठवलेला निरोप मिळाला: "तुझं जिंकून झालं असेल तर आईला औषध वेळेवर दे." देतेय. सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही.

जिंकलो, हे खरं आहे. तू बसलीस त्याच दिवशी दुपारी साहेबांनी बोलावलं. अंगाला हात लावायचा नाही, फक्त पिशव्या बघायच्या, आणि त्या सगळ्यांच्या, ऑफिसच्यासुद्धा. माझी पिशवी आता रोज उघडली जाते. साहेबांचीही. खोलीत आता झाडू आणि बादल्या ठेवतात, आणि पडदा काकूंनी फरशी पुसायला घेतलाय. बायका अजून त्या दारातून जाताना सवयीनं हात उचलतात, मग आठवतं आणि हसतात. बारकीनं परवा मला विचारलं, कॉलेजात शिकायला किती वर्षं लागतात. बसल्या जागी, मान वर करून.

पण बाकीचंही लिहायला हवं. तुला ते माहीत आहे, मला काय दिसलं ते माहीत नसेल.

तुला घडीखात्यात काम द्यायचं ठरलं, ते मी मांडलं होतं आणि साहेबांनी मुकाट्यानं मान्य केलं. मी किती खूश झाले होते! तुझ्या प्रश्नाला उत्तर सापडलं, असं वाटलं. आणि सोमवारी तू घडीच्या टेबलाशी उभी राहिलीस, खिडकीजवळच्या. मोठ्या चादरीची घडी एकटीनं होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं. लहानपणी तू आणि मी घरची एकुलती एक मोठी चादर अशीच घडी करायचो, आणि जवळ आलो की तू माझ्या नाकाला नाक लावायचीस.

तुझ्यासमोर कुणी आलं नाही.

मी ऑफिसच्या काचेतून बघत होते. तू चादर उचललीस, दोन टोकं धरलीस आणि थांबलीस. इकडेतिकडे पाहिलंस. मग चादर टेबलावर पसरलीस आणि एकटी टेबलाभोवती फिरून फिरून घडी घालू लागलीस. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दुपारच्या सुट्टीत तुझ्या बाकावर तू एकटी. कुणी काही बोललं नाही. कुणी वाकडा शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी तू आलीच नाहीस.

मी सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत गोळा केलं. चिडले होते. म्हटलं, हे काय चाललंय? तिनं पाणी दिलं ते विसरलात? ती बसली नसती तर आज आपण कुठे असतो?

काकू जेवत होत्या. शांतपणे घास गिळला आणि म्हणाल्या, "आम्ही तिला काही बोललो का?"

"नाही."

"हात लावला?"

"नाही."

"मग? तूच शिकवलंस ना. जायचं नाही, बस."

ताई, कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. त्या चिडवत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की मी शिकवलेलंच त्या करताहेत. आणि ते तेच होतं. समोर जायचं नाही. तेवढ्यानं खोली बंद पडते. तेवढ्यानं माणूसही बंद पडतं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. खोलीला घर नसतं. खोली संध्याकाळी आईसमोर जेवायला बसत नाही.

मी बारकीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ती म्हणाली, "मी तिच्यासमोर नाही उभी राहणार. मला सांगू नका. माझ्या अंगाला अजून तिचे हात आठवतात." तिचा आवाज स्थिर होता. "पाणी प्यायले ते तहान होती म्हणून. पण दुसरं कुणी उभं राहिलं तर मी अडवणार नाही. टेबल कुणाच्या बापाचं नाही."

तिला मी काय म्हणणार? तिचं बरोबर आहे. तुला क्षमा करणं हे तिच्यावर लादायचं काम नाही, आणि ते तुझ्या वतीनं मागायचा मला हक्क नाही. ते तू माग, मागायचं असेल तेव्हा. मी फक्त एवढं जाणते की तू जे केलंस ते तू एकटीनं केलं नाहीस. ऑफिसच्या दारातून जाणारे आम्ही सगळे त्यात होतो. फक्त आमचे हात गरम राहिले.

साहेबांनी काल मला बोलावून सांगितलं, जोडी नसेल तर घडीखात्यात जागा अडवून ठेवता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत वाट बघू, मग नाव कमी करू. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडी मजा होती. "तुमच्याच बायका आहेत," म्हणाले. "त्यांना समजवा."

मी समजावणार नाहीये. समजावून कुणाला कुणासमोर उभं करता येत नाही.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती विचारते, "ती रुसलीय की दमलीय?" मी म्हणते, दमलीय.

मी

३० नोव्हेंबर
घरून

ताई,

तू हे वाचशील तेव्हा मला शिव्या देशील. दे. आत्याला ऐकू जाऊ देऊ नकोस, एवढंच, नाहीतर ती गावभर करेल.

आज सकाळी मी ऑफिसच्या कपाटाची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांना वाटलं, मी नोकरी सोडतेय. चेहरा फुलला त्यांचा. मी म्हटलं, सोडत नाहीये, घडीखात्यात तुझ्यासमोरची जागा रिकामी आहे ना, तिथे घाला, म्हणजे जोडी झाली आणि तुझं नाव कमी करायला नको. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं बोलले. "इतकं शिकून?" म्हणाले. मी म्हटलं, हो. मग माझा पगार किती कमी होणार ते त्यांनी सांगितलं. तेही मी ऐकून घेतलं.

मग जाऊन खिडकीजवळच्या टेबलाशी उभी राहिले.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "पंधरा वर्षं शिकलीस ती चादरी ओढायला? आणि तिनं इतकी वर्षं त्या खोलीत जन्म काढला तो यासाठी?" मला ठाऊक आहे, तुझं म्हणणंही हेच असणार. तुम्ही दोघी माझ्या बाबतीत नेहमी एकाच बाजूला असता. मग तिनं विचारलं, "जोडीला कोण आहे?" मी म्हटलं, अजून कुणी नाही. आई उठली आणि माझ्या ताटात वाढलं, न मागता.

हे मी तुझ्यावर उपकार म्हणून केलं असं समजू नकोस. तू परत आली नाहीस तरी मी तिथेच आहे. किल्ली परत मिळणार नाही, साहेबांनी दुपारीच माझ्या ऑफिसातल्या टेबलावर दुसरा माणूस बसवला. जायचं नाही, हे मी बायकांना सांगितलं, आणि ते खरं होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य मी सांगितलंच नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं. पुढचं वाक्य असं आहे की मग कुणीतरी समोर जायचं असतं. ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. उभंच राहावं लागलं.

ही खोली बंद झाली तर मी कुठे जाऊ, याचं पूर्ण उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. बायका तुझ्याशी बोलतील का, बारकी कधी तुझ्याकडे पाहील का, मला सांगता येणार नाही. टेबलाचं तेवढं सांगू शकते.

दिवसभर मी एकटीनं घड्या घातल्या. सगळ्या वाकड्या आल्या. काकू दोनदा येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "हॉस्पिटलवाले म्हणतील, पेशंटनेच घडी घातली की काय." मी म्हटलं, तुम्ही धरा की दुसरी बाजू. त्या म्हणाल्या, "माझी इस्त्री तापलीय," आणि गेल्या. पण जाताना माझ्या टेबलावरची सगळ्यात वाकडी चादर उचलून घेऊन गेल्या, आणि थोड्या वेळानं ती नीट करून परत आणून ठेवली.

सुट्टी झाली तेव्हा एक शेवटची चादर उरली होती. ती मी घडी केली नाही. माझ्याकडची दोन टोकं टेबलाच्या कडेला दाबून ठेवली, वर इस्त्रीचा जुना ठोकळा ठेवला, आणि बाकीची चादर तुझ्या बाजूला सोडून पिशवी दाखवून बाहेर आले.

तुझी धाकटी